मशीन बघण्याचा कार्यक्रम

"मशीन बघायला जायचं तर गजरा कशाला?" मी विचारलं.

"मशीन म्हणजे लक्ष्मी. लक्ष्मीसमोर असल्या अवतारात जातात होय?" आई म्हणाली. तिच्या दातांत आकडा होता आणि हातात माझी वेणी, त्यामुळे मला मान हलवायची सोय नव्हती. "आणि ती आंबा कलरची साडी नेस. मोरपंखी नको, त्यात तू काळी दिसतेस."

"मशीनला?"

"बघणाऱ्याला," आई म्हणाली, आणि मग घाईघाईनं, "म्हणजे मशीनवाल्यांना गं. चांगल्या घरचं गिऱ्हाईक दिसलं की माणसं नीट बोलतात."

मला ते पटलं. आता आठवलं की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो, पण तेव्हा पटलं.

बाहेर ओट्यावर अप्पा इस्त्रीचा शर्ट आणि धुतलेली टोपी घालून तयार होते. त्यांच्या शेजारी बंडूकाका सस्ते बसले होते. बंडूकाका म्हणजे फलटणमधले लग्नं जमवणारे. काखेत रेक्झिनची पिशवी, तोंडात लवंग, आणि जगातल्या कुठल्याही घरात ओळख. मशीन घ्यायची ठरल्यावर अप्पांनी पहिला निरोप त्यांनाच धाडला होता.

"दुकानातल्या नव्या मशीनचा पत्रा हलका असतो," बंडूकाका मला म्हणाले. "घरातली वापरलेली घ्यावी, पारखून. माझ्याकडं तीन स्थळं आहेत."

"स्थळं?"

"आता सवय झाली जिभेला, बाळ. तीन मशिनी आहेत."

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, बी.ए. झालेली, आणि आमच्या पंचक्रोशीत माझ्या हातचे पोहे खाल्ले नाहीत असा लग्नाळू मुलगा शोधून काढावा लागला असता. शेवटच्या कार्यक्रमात तर मुलाच्या मावशीनं मला अंगणात उन्हात नेऊन उभं केलं आणि रंग बघितला. ट्यूबलाइटखाली फसवणूक होते म्हणाली. वर जाताना "कळवतो" म्हणाले आणि कळवलं नाहीच. त्या दिवशी मी पोह्यांचा ट्रे मोरीत आपटला आणि घरात जाहीर केलं, की यापुढं मला बघायला कुणी आलं तर मी माळ्यावर चढून बसेन आणि शिडी वर ओढून घेईन. मग या जेवायला बोलवायला.

त्यानंतर काही दिवस घरात सगळे कुजबुजत बोलायचे. मी आपली गोधडी शिवत बसायची. थोरल्या बहिणीच्या बाळासाठी घेतली होती शिवायला, हातानं. बाळ रांगायला लागलं, चालायला लागलं, दारातून पळून जायला लागलं, तरी गोधडी अर्धीच. टाके असे की बहीण म्हणाली, "हेमे, हा नदीचा नकाशा आहे का?" पण मला त्या कामाचा नाद लागला होता. जुन्या लुगड्यांचे तुकडे जुळवताना कुठला रंग कुठं बसवायचा हे मी ठरवायची. त्या घरात मी ठरवलेली तेवढी एकच गोष्ट होती, असं म्हटलं तरी चालेल.

म्हणून एकदा अप्पांना स्पष्टच सांगितलं, "मला शिवणाची मशीन घेऊन द्या. गोधड्या शिवून देईन लोकांना. आणि मशीन माझी मी पसंत करणार. तुम्ही नाही, आईनं नाही, आत्यानं नाही."

"तुझी तू पसंत कर," अप्पा लगेच म्हणाले. "तू बोट ठेवशील ती घेऊ. शब्द दिला."

अप्पा जकात नाक्यावर कारकून होते, खलाटे कारकून. ताडपत्री उचलून आत काय आहे ते बघितल्याशिवाय त्यांनी कधी बैलगाडीसुद्धा पुढं सोडली नाही. त्या माणसानं काही न विचारता हो म्हटलं, तिथंच मला शंका यायला हवी होती. पण मी खुळ्यासारखी त्यांच्या पाया पडले.

पहिली मशीन लक्ष्मीनगरात भगत यांच्याकडे होती. आम्ही चौघं गेलो. दिवाणखान्यात मधोमध टीपॉयवर मशीन, तिच्यावर क्रोशाचं झाकण, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत भगतांचा मुलगा, टाय लावून. घरातल्या घरात टाय! असेल बिचाऱ्याला कुठंतरी जायचं, म्हटलं.

भगतबाईंनी पोहे आणले. आयुष्यात पहिल्यांदा असल्या बैठकीत मला दुसऱ्याच्या हातचे आयते पोहे मिळत होते, म्हणून मी दोनदा घेतले.

"शिक्षण किती झालंय?" भगतबाईंनी विचारलं.

"बी.ए."

"स्वयंपाकाची आवड आहे ना?"

"येतो सगळा," मी म्हटलं, "पण एकदा मशीनवर बसले की मी चुलीकडे ढुंकून बघणार नाही. तुम्ही त्याची काळजी करू नका."

भगतबाईंनी मुलाकडं बघितलं. मला वाटलं, किती जीव आहे बाईंचा मशीनवर, कुणाच्या हातात जातेय ते विचारून घेतात. मला त्या आवडल्या.

मग मी माझं बोचकं बाहेर काढलं. हे बोचकं मी मुद्दाम बनवलं होतं. आजोबांचं धोतर, आईचं नऊवारी, मध्ये फाटकी सतरंजी, असे थर घालून उशीएवढं. बाजारात शिंप्याच्या दुकानासमोर रेंगाळून मी एवढं शिकले होते, की गोधडीवालीला फुलापानांचे टाके काढणारी मशीन नको. सरळ टाका पुरे. पण सुईजवळचा कापड दाबणारा पाय उचलला की तेवढे थर खाली मावले पाहिजेत, सुई न मोडता आरपार गेली पाहिजे, आणि सुईच्या उजवीकडे गोधडीची वळकटी सरकेल एवढी जागा पाहिजे. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला जी मशीन चांगली, ती मला चांगली असेलच असं नाही.

भगतांची मशीन विजेवर चालणारी, पांढरीशुभ्र, गुळगुळीत. मी बोचकं घातलं आणि बटण दाबलं. मशीननं एक टाका घेतला, दुसरा घेतला आणि उडी मारली. मग ती टीपॉयवरून चालायला लागली. बंडूकाका ओरडले, टायवाल्यानं झडप घालून तिला धरलं, आणि सुई कटकन मोडून पोह्यांच्या बशीत पडली.

"दिसायला छान आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पण अंगात दम नाही. जरा भार पडला की थयथयाट. नुसती शोभेची आहे. मला नाही चालणार."

टायवाला लाल झाला. अप्पांना ठसका लागला. बंडूकाका हात जोडून म्हणाले, "आम्ही कळवतो."

बाहेर आल्यावर अप्पा माझ्यावर डाफरले. "असं तोंडावर बोलतात होय?"

"वस्तू बघायला आलोय ना, अप्पा? वस्तूला काय वाईट वाटतंय?"

अप्पा भरभर पुढं चालायला लागले. टोपी काढली, झटकली, परत घातली.

दुसरी मशीन मलठणात मुळीक यांच्याकडे. तिथंही पोहे. तिथंही कोपऱ्यात एक मुलगा, पण हा तालमीतला, मान खांद्यात गेलेली, खुर्ची त्याच्याखाली दिसतच नव्हती. मशीन हाताची होती, चाकाला दांडा लावलेली. उजव्या हातानं दांडा फिरवायचा आणि डाव्या हातानं कापड सरकवायचं. बोचकं मोठं, मला एका हातानं आवरेना.

"दत्ता, फिरव रे दांडा, मदत कर त्यांना," म्हातारे मुळीक म्हणाले.

दत्ता पुढं आला. त्यानं दोन्ही हात एकमेकांवर चोळले, दांडा धरला आणि विहिरीतून पाणी शेंदावं तसा गरागरा फिरवायला लागला. "हळू! अहो, हळू!" मी ओरडतेय, पण तो खाली मान घालून फिरवतोच आहे, कपाळाला घाम, आणि बोचकं सुईखालून धावतंय. थांबला तेव्हा माझा आंबा कलरचा पदर बोचक्याला चांगला वीतभर शिवला गेला होता. मी उठायला गेले तर बोचकं माझ्याबरोबर उठलं आणि मशीन बोचक्याबरोबर.

"शकुन झाला!" म्हातारे मुळीक टाळी वाजवून म्हणाले. "पदर अडकला. याहून काय पाहिजे?"

"कात्री पाहिजे," मी म्हणाले. माझं डोकं तापलं होतं. "आणि ही मशीन नको. हिला सारखा दुसरा माणूस लागतो. मला माझं एकटीला चालवता आलं पाहिजे."

आई तोंडाला पदर लावून बसली. बंडूकाका म्हणाले, "कळवतो."

मी बोचक्यातून पदर उसवत असताना मागं अप्पा आणि बंडूकाका हळू आवाजात भांडत होते. "ती खरंच मशीनच बघतेय रे," अप्पा म्हणत होते. "मग दुसरं काय बघणार?" मी विचारलं. दोघंही एकदम हसले. मला वाटलं, उन्हानं झालं असेल.

तिसरी मशीन गावाबाहेर, साताऱ्याच्या वाटेवरच्या एका खेड्यात होती. रणवरे म्हणून घर. धनी वारलेले, घरात मालकीणबाई रणवरेकाकू, त्यांचा मुलगा धैर्यशील, साखर कारखान्यात कामाला, आणि मुलाची म्हातारी आत्या, गोदाक्का. लग्नानंतर दोन वर्षांत परत आलेली, ती इथंच राहिलेली. घरात काकूंचं चालायचं आणि काकूंवर गोदाक्काचं.

धैर्यशील नावाचा तो मुलगा दाराशी उभा होता. हाताला कोपरापर्यंत तेल, शर्टाला तेल, नाकालाही तेल. आम्हाला बघून तो इतका घाबरला की त्यानं अप्पांना नमस्कार करायच्या ऐवजी चपला काढल्या, पुन्हा घातल्या आणि आत पळाला. नावात काय असतं!

मशीन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, ज्वारीच्या पोत्यांशेजारी होती. पायाची, काळी, जुनी. तिच्यावरची सोनेरी नक्षी हात लागून लागून पुसलेली. खालचा लोखंडी सांगाडा असा की दोन गड्यांनी उचलावा. मी चाकाला नुसतं बोट लावलं आणि ते आवाज न करता फिरायला लागलं. आणि फिरतच राहिलं.

"काय शिवायचं हिच्यावर?" मी गोदाक्काला विचारलं.

"बैलाच्या झुली," गोदाक्का म्हणाली. "बेंदराला आख्ख्या गावाच्या बैलांच्या झुली मी शिवती. मखमल, खाली तागाचं पोतं, मधी कांबळं, वर आरसं. हिनं आजवर नाय म्हटलं न्हाई."

 मी बोचकं काढलं, सुईजवळचा पाय उचलला, बोचकं खाली सरकलं. पायट्यावर पाय ठेवला. सुई धोतरातून, लुगड्यातून, सतरंजीतून अशी गेली की मला वाटलं ती गेलीच नाही, म्हणून वाकून बघितलं. टाका सरळ. पुढचा सरळ. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत टीप मारली आणि परत आले. माझ्या नदीच्या नकाशाच्या जागी रेल्वेचा रूळ उमटला. मला रडू येईल की काय असं झालं. खरंच सांगते, असं मला कुठल्याच बघण्याच्या कार्यक्रमात झालं नव्हतं.

बाहेरच्या खोलीत पोहे चालले होते. मला त्याचं भान नव्हतं. मी पट्टा बघायला मशीनच्या खाली शिरले, आडवी झाले, पायट्याचा सांधा हातानं हलवून बघितला. पट्टा चामड्याचा, नवा. गोदाक्का वर बसून मला सांगत होती, कुठं तेल घालायचं, कुठं नाही.

तेवढ्यात दारात पावलं वाजली. मला खालून फक्त साड्यांचे काठ आणि अप्पांचे अनवाणी पाय दिसले.

"आमच्याकडून होकार आहे, खलाटेसाहेब," रणवरेकाकूंचा आवाज आला. "मुलगी पसंत आहे आम्हाला. कामाची दिसते. आल्यापासून बसली म्हणून नाही."

मी मशीनच्या खाली होते. पट्टा माझ्या हातात होता.

"कुठली मुलगी?" मी खालून विचारलं.

 अप्पांचे पाय एक पाऊल मागं सरकले.

मी बाहेर आले. डोकं पायट्यावर आपटलं. गजरा कुठल्यातरी खिळ्याला अडकून तिथंच राहिला. समोर काकू, अप्पा, आई, बंडूकाका, सगळे ओळीनं उभे, आणि सगळ्यांच्या मागं धैर्यशील, हातात तेलाची बुधली.

"मशीन केवढ्याला द्यायची म्हणता?" मी काकूंना विचारलं. माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

"मशीन?" काकू हसल्या. "अगं, मशीन विकायची कुठं आहे? लग्न झालं की तुझीच की. बस चालवत जन्मभर."

मी बंडूकाकांकडं बघितलं. ते पिशवीची चेन उघडत होते आणि लावत होते.

"भगतांची?" मी विचारलं.

"तीही तशी विकायची नव्हती," बंडूकाका म्हणाले.

"आणि मुळीकांची?"

"बाळ, तू माळ्यावर चढून बसणार म्हणालीस. मग दुसरं काय करणार? तुला त्रास नको म्हणून..."

माझ्या कानांतून वाफ निघत असावी. टाय, तालीम, आंबा कलर, पोहे, सगळं एका दमात डोक्यात आलं. मी तिन्ही घरांत जीव ओतून मशीन बघत होते आणि तिन्ही घरं मला बघत होती. आणि मी भगतबाईंना म्हणाले होते, दिसायला छान आहे पण अंगात दम नाही!

"मला काय माहीत," मागून धैर्यशील म्हणाला. सगळे वळले. तो पहिल्यांदाच बोलत होता. "आई म्हणाली मशीन विकायची आहे, गिऱ्हाईक येतंय. मी म्हटलं चांगली दिसू दे. सकाळपासून तेल घालतोय मी." त्यानं बुधली वर करून दाखवली. "कार्यक्रम आहे म्हणाली असती तर मी कारखान्यातच थांबलो असतो. मागच्याच महिन्यात सांगितलं होतं तिला, आता बास म्हणून."

काकूंनी त्याच्याकडं असं बघितलं की तो ज्वारीच्या पोत्यामागं गेला.

कुणीतरी हमखास विचारतं, म्हणून आधीच सांगून टाकते. नाही, आमचं लग्न झालं नाही. तो भला माणूस होता, पण मला त्याच्यात काही दिसलं नाही आणि त्याला माझ्यात. आम्ही दोघंही तिथं मशीनसाठी होतो.

मी अप्पांसमोर जाऊन उभी राहिले. भांडायचं ठरवलं होतं. "अप्पा, तुम्ही शब्द दिला होता," एवढंच म्हणाले. "बोट ठेवशील ती, म्हणाला होतात." आणि मशीनवर बोट ठेवलं. बोटाला तेल होतं.

"हेमे, ती लोकांची वस्तू आहे."

"मग बघायला कशाला आणलंत? मला बघायला आलेले लोक तरी मला न्यायच्या तयारीनं येत होते. निदान तसं म्हणत तरी होते. तुम्ही तर नुसतंच बघायला लावलंत. मला दुसरं काही नको. एकदा, एकदाच माझ्या पसंतीला काहीतरी किंमत येऊ दे."

आई रडायला लागली. बंडूकाका म्हणाले, "चला, निघू या, गाडी चुकेल." अप्पा मात्र हलले नाहीत. ते माझ्या कपाळाकडं बघत होते, जिथं पायटा लागला होता. मग त्यांनी टोपी काढली. जकात नाक्यावर साहेब आले तरी न काढणारे अप्पा, त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि गोदाक्कासमोर वाकले.

"आक्का," ते म्हणाले, "आमची मुलगी..." आणि अडखळले. गेली चार-पाच वर्षं घरोघरी जाऊन एकच वाक्य म्हणायची सवय झालेली. त्यांनी घसा खाकरला. "आमच्या मुलीला तुमची मशीन पसंत आहे. मुलगा पसंत नाही, त्याबद्दल माफ करा. पण मशीन आमच्या पदरात घाला."

"अहो, काय बोलताय!" काकू कडाडल्या. "आम्ही मुलगी मागायला बसलोय आणि तुम्ही आमची मशीन मागताय? बंडूभावजी, असलं कधी ऐकलंय?"

"नाही," बंडूकाका म्हणाले. "पण दोन्हीकडची माणसं चांगली आहेत." हेही त्यांना सवयीनंच आलं असणार.

"तू गप," गोदाक्का काकूंना म्हणाली. "पोरगा तुजा. मशीन माजी." आणि अप्पांना म्हणाली, "बसा पावणं. घर कसलं हाय?"

"पक्कं आहे," अप्पा खाली बसत म्हणाले.

"वल येती का भितीला?"

"नाही येत. एका कोपऱ्यात येते पावसाळ्यात, पण तिथं नाही ठेवणार तिला. खिडकीशी ठेवू. उजेड आहे."

"घरात माणसं किती? का सगळ्यांची चड्डीबनियान हिच्यावरच शिवणार?"

"नाही, नाही. फक्त हेमलता बसेल."

"तापट दिसती ही," गोदाक्का माझ्याकडं बघून म्हणाली.

"तापट आहे," अप्पा म्हणाले, "पण मनानं साफ आहे. हातानं काम सोडत नाही." हे वाक्य त्यांनी माझ्याबद्दल बऱ्याच घरांत म्हटलं होतं. पण ते ऐकून कुणी मान डोलावली असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

गोदाक्का विचार करत बसली. धैर्यशील पोत्यामागून डोकावत होता. आईनं रडणं थांबवून कान दिला होता.  आता ही मला माझ्या बोचक्यासकट परत पाठवणार, अशी मनाची तयारी मी करून ठेवली होती.

"देती," गोदाक्का शेवटी म्हणाली. "माजं डोळं गेलं. झुलीचं आरसं आता मला दिसत न्हाईत. हितं पडून गंजंल ती. आजवर माज्या मशीनला कुणी खाली शिरून बघितलं न्हवतं. पण एक अट. बेंदराला आठ दिस ती माहेरी आली पायजे. झुली शिवायच्या असत्यात. ही पण येईल बरोबर, मी सांगीन तसं शिवंल."

"आणू," अप्पा म्हणाले. "मी स्वतः आणून सोडीन. आणि न्यायलाही येईन."

किमतीचं बंडूकाकांनी तिथल्या तिथं मिटवलं. आणि मग कुणाला काय करावं सुचेना. ठरलं तर होतं. ठरल्यावर जे करतात तेच सगळ्यांना माहीत होतं. काकू आत गेल्या, भांडी आपटल्याचा आवाज आला, आणि त्या फुगलेल्या तोंडानं साखरेची वाटी घेऊन आल्या. सगळ्यांनी साखर खाल्ली. बंडूकाकांनी दोनदा खाल्ली.

मशीन टेम्पोत चढवायला गावातली दोन माणसं लागली. गोदाक्कानं चाकाला हळदकुंकू लावलं. फळीवर खण आणि नारळ ठेवून ओटी भरली. मग पदर डोळ्यांना लावला आणि सरळ रडायलाच लागली. काकू रुसल्या होत्या, तरी त्यांनाही रडू फुटलं. आई तर अशा प्रसंगी कुणाचीही असो, रडतेच.

"माजी लेक हाय ती," गोदाक्का अप्पांना म्हणाली. "ना मूल ना बाळ मला. हिच्याशीच बोलत आलीय."

अप्पांनी हात जोडले. "आक्का, काळजी करू नका. आमच्या घरी ती..." ते म्हणाले आणि मध्येच थांबून त्यांनी फळीवरचा नारळ सरळ केला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "आमच्या घरी ती सुखात राहील. लेकीसारखी ठेवू."

मी टेम्पोत चढत होते, तिथंच थांबले. हे वाक्य कुणीतरी आपल्याला म्हणावं म्हणून हा माणूस किती वर्षं टोपी धुऊन घालून घरोघरी जात होता, ते मला तेव्हा कळलं. कुणी म्हटलं नाही. शेवटी त्यांनी ते दुसऱ्याला म्हटलं, एका काळ्या लोखंडी मशीनसाठी, आणि खरं म्हणजे मनापासून म्हटलं. माझा सगळा राग तिथंच गळाला. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण आमच्यात तशी पद्धत नव्हती, म्हणून मी त्यांची टोपी नीट केली.

टेम्पोत अप्पा पुढं बसायला तयार होईनात. मागं मशीनजवळ, फळीला धरून बसले. खड्डा आला की टेम्पोवाल्याला ओरडायचे.  नीरेचा कालवा ओलांडल्यावर मात्र एकदम म्हणाले, "पसंत आहे ना गं तुला? नक्की?"

हा प्रश्न त्यांनी मला त्याआधी कधी विचारला नव्हता.

"आहे," मी म्हणाले.

"मग झालं," अप्पा म्हणाले. पुढं बसलेल्या बंडूकाकांच्या खांद्यावर त्यांनी पाठीमागच्या जाळीतून बोटानं टोचलं. "बंडू, आमच्याकडची स्थळं आता बंद. तिला वाटलं तर ती सांगेल."

आमच्या गल्लीत टेम्पो शिरला तेव्हा बायका दारांत उभ्याच होत्या. माझ्या अंगावर ठेवणीतली साडी, आईच्या हातात नारळ, बरोबर बंडूकाका, म्हटल्यावर कुणालाही तेच वाटणार. समोरच्या घोलपकाकूंनी तर ओट्यावरूनच विचारलं, "काय हो अप्पा, जमलं का?"

अप्पा टेम्पोच्या फळीवर उभे राहिले. एक हात मशीनवर.

"जमलं!" ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. "मुलीनं पसंत केलं!"

आई भाकरतुकडा आणायला आत पळाली. बाहेर आली तर मी आणि मशीन दारात शेजारी शेजारी उभ्या होतो, आणि तो कुणावरून ओवाळायचा हे तिला कळेना. ती क्षणभर घुटमळली आणि मग दोघींवरून ओवाळला.